सिग्नल आला आणि प्रोग्राम कोसळला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर सिग्नलच्या आसपास कोसळला की जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण पहिल्या-दुसऱ्या नोकरीतले. काही प्रश्न मात्र या धंद्यात मुरलेल्यांचे आहेत आणि तेच जास्त छळतात. एक्स८६-६४ प्रोसेसर, ग्लिबसी (सीची लायब्ररी) आणि जीसीसी किंवा क्लँग कंपायलर एवढं गृहीत धरलंय. आज्ञा आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करा.

१. सिग्नल म्हणजे नक्की काय? प्रोग्राम सिग्नलमुळे मरतो का?

सिग्नल म्हणजे कर्नलने तुमच्या प्रोसेसला दिलेली हाक. हाकेला उत्तर काय द्यायचं हे तुम्ही हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं आपलं फंक्शन, लावून ठरवू शकता. काहीच ठरवलं नाही तर कर्नलचं ठरलेलं वर्तन होतं: मरणं, कोअर (त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) टाकून मरणं, थांबणं किंवा दुर्लक्ष.

डीबगिंगसाठी एक भेद आधी डोक्यात पक्का करा. काही सिग्नल प्रोग्रामच्या स्वतःच्या करणीने येतात. नको तिथली मेमरी वाचली की सिगसेगव्ही, पूर्णांकाला शून्याने भागलं की सिगएफपीई. हे ठरावीक सूचनेवर (म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेवर), ठरावीक थ्रेडलाच येतात. दुसरे बाहेरून येतात: कंट्रोल-सी दाबल्यावर सिगइंट, सर्व्हिस बंद करताना सिगटर्म, टायमर संपल्यावर सिगअलार्म. हे कोणत्याही क्षणी, कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये टपकतात. पहिल्या जातीत सिग्नल हा फक्त निरोप्या असतो, चूक त्याआधीच झालेली असते. दुसऱ्या जातीत मूळ कोड धुतल्या तांदळासारखा असला तरी हँडलर सगळा घोळ घालू शकतो. आपल्याकडचा क्रॅश कोणत्या जातीचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. शेल १३९ दाखवतं, कधी १३४, कधी १३७. हे आकडे कसे वाचायचे?

१२८ वजा करा, सिग्नलचा क्रमांक मिळतो. १३९ म्हणजे ११, सिगसेगव्ही. १३४ म्हणजे ६, सिगअबॉर्ट. १३६ म्हणजे ८, सिगएफपीई. १४१ म्हणजे १३, सिगपाइप. १४३ म्हणजे १५, सिगटर्म. पाठ करायची गरज नाही. बॅशमध्ये ‘किल -एल १३९’ लिहिलं की ते नाव सांगतं.

१३७ वेगळं आहे. ते सिगकिल, क्रमांक ९. ते पकडता येत नाही, अडवता येत नाही, आणि त्याचा कोअरही पडत नाही. म्हणून १३७ दिसल्यावर जीडीबी (डीबगर) उघडून बसू नका. ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलचा लॉग, पाहा. मेमरी संपली म्हणून कर्नलच्या ओओएम किलरने बळी घेतला असेल तर तिथे स्पष्ट नोंद असते. नसेल तर कोणीतरी मुद्दाम मारलंय; कंटेनरमध्ये हे फार होतं (प्रश्न १७).

३. स्क्रीनवर ‘कोअर डम्प्ड’ आलं, पण कोअर फाइल कुठेच दिसत नाही.

तीन ठिकाणं तपासा. आधी ‘युलिमिट -सी’. उत्तर शून्य असेल तर कोअरला परवानगीच नाही. ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’ करून त्याच शेलमधून प्रोग्राम चालवा. सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस असेल तर शेलमधला युलिमिट तिला लागू होत नाही, युनिट फाइलमध्ये ‘लिमिटकोअर’ द्यावं लागतं.

मग ‘/प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ वाचा. तिथली ओळ उभ्या रेघेने, म्हणजे पाइपने सुरू होत असेल तर कोअर फाइल म्हणून पडतच नाही, थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या ओटीत जातो. तो प्रोग्राम सिस्टमडी-कोअरडम्प असेल तर ‘कोअरडम्पसीटीएल लिस्ट’ने यादी मिळते आणि ‘कोअरडम्पसीटीएल जीडीबी’ने थेट आत शिरता येतं. उबुंटूवर बहुधा ॲपोर्ट असतो.

तिसरी गोष्ट कंटेनरवाल्यांसाठी: कोअर_पॅटर्न ही अख्ख्या कर्नलची सेटिंग आहे, कंटेनरची वेगळी नसते. कंटेनरमध्ये बसून कोअर शोधणारे आणि तो यजमान मशीनवर पडलेला, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो.

४. कोअर मिळाला. जीडीबीमध्ये आधी काय बघू?

कोअर म्हणजे पंचनामा. आणि पंचनामा त्याच घराचा हवा: ज्या बायनरीने कोअर टाकला तीच बायनरी द्या. नंतर पुन्हा कंपाइल केलेली दिली तर जीडीबी बिनदिक्कत चुकीच्या ओळी दाखवतं. कंपाइल करताना ‘-जी’ हवंच. ते ऑप्टिमायझेशनसोबतही चालतं, प्रोग्राम हळू करत नाही, फक्त फाइल फुगवतं.

मग ‘बीटी’, म्हणजे बॅकट्रेस. थ्रेड अनेक असतील तर ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’. यादीत कुठे ‘सिग्नल हँडलर कॉल्ड’ अशी ओळ दिसली तर थांबा. त्या ओळीच्या खालचं म्हणजे हाक येण्याआधी प्रोग्राम काय करत होता ते. वरचं म्हणजे हँडलरने काय केलं ते. दोन्ही बाजूंना तेच फंक्शन दिसलं तर चोर जवळपास सापडला (प्रश्न ७).

त्यानंतर ‘पी $_सिगइन्फो’. यात फॉल्टचा पत्ता मिळतो, आणि पत्ता बरंच बोलतो. शून्य म्हणजे नल पॉइंटर. ०x१८ सारखा इवलासा पत्ता म्हणजे नल स्ट्रक्चरच्या आतला एखादा सदस्य वाचायला गेलात. ०x४१४१४१४१ सारखा म्हणजे पॉइंटरवर अक्षरं सांडली आहेत. ०x४१ हा इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा आस्की आकडा.

इथे एक चकवा आहे. कधी सिगइन्फो पत्ता शून्य सांगतं, पण पॉइंटर नल नसतो. एक्स८६-६४ वर पूर्ण कचरा पत्ता, म्हणजे ज्याचे वरचे बिट नियमात बसत नाहीत असा, वापरला की प्रोसेसर पेज फॉल्ट न देता जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतो. त्यात कर्नलला पत्ता कळतच नाही, म्हणून शून्य भरलं जातं. अशा वेळी सिगइन्फोमधला कोड १२८ असतो. खात्री करायची तर ‘एक्स/आय $पीसी’ने मरतानाची सूचना बघा आणि तिच्यातल्या रजिस्टरची किंमत ‘इन्फो रजिस्टर्स’मध्ये वाचा.

५. कोअर नाहीच. फक्त डीमेसेजमध्ये एक ओळ आहे. त्यातून काही निघेल?

पुष्कळ. त्या ओळीत ‘सेगफॉल्ट ॲट’पुढे फॉल्टचा पत्ता, ‘आयपी’पुढे सूचनेचा पत्ता, ‘एरर’पुढे एक आकडा आणि शेवटी बायनरीचं किंवा लायब्ररीचं नाव असतं. एररचा आकडा हेक्समध्ये वाचायचा आणि बिट सुटे करायचे. १ चा बिट: पान होतं, पण परवानगी नव्हती. २ चा बिट: लिहायला गेला. ४ चा: युझर मोडमध्ये. १० चा: सूचना आणायला गेला. म्हणजे ‘एरर ४’ हे नसलेल्या पानावरचं वाचन, ‘एरर ६’ हे नसलेल्या पानावरचं लेखन, ‘एरर ७’ म्हणजे फक्त वाचायच्या जागेत लिहिलंत. आणि ‘एरर १४’ म्हणजे भरकटलेल्या फंक्शन पॉइंटरमागे जाऊन प्रोग्राम भलत्याच जागी उडी मारून बसलाय.

ओळ क्रमांक हवा असेल तर आयपीमधून कंसातला पायाचा पत्ता वजा करा, त्यात त्या तुकड्याचा फाइलमधला ऑफसेट मिळवा (‘रीडएल्फ -एल’ दाखवतो), आणि आलेला आकडा ‘ॲडर२लाइन’ला द्या. ऑफसेट मिळवायला लोक हमखास विसरतात आणि मग भलत्याच फंक्शनवर आळ येतो.

६. सिगसेगव्ही कळला. पण सिगबस, सिगएफपीई, सिगअबॉर्ट, सिगइल हे कधी येतात?

सिगबस आज बहुतेक वेळा एकाच कारणाने दिसतो: एमॅप केलेली (मेमरीत जोडून घेतलेली) फाइल मागून कोणीतरी छोटी केली आणि तुम्ही संपलेल्या भागाला हात लावला.

सिगएफपीईच्या नावात फ्लोटिंग पॉइंट असला तरी फ्लोटला शून्याने भागल्यावर तो एरवी येतच नाही, तिथे इन्फिनिटी मिळते. तो येतो पूर्णांकांच्या भागाकारात. शून्य सगळ्यांना आठवतं. विसरतात ते हे: −२१४७४८३६४८ ला −१ ने भागलं तरी एक्स८६ वर तोच सिग्नल, कारण उत्तर ३२ बिटांत मावत नाही. उलट एआरएम६४ वर पूर्णांकाला शून्याने भागलं तर प्रोसेसर गुपचूप शून्य देतो. ‘लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर मरतं’ या तक्रारीमागे हेही असू शकतं.

सिगअबॉर्ट प्रोग्राम स्वतःहून ओढवून घेतो: असर्ट फसला, सी++ चं एक्सेप्शन कोणीच पकडलं नाही, किंवा ग्लिबसीला हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतं तो साठा) बिघडलेला दिसला. शेवटच्या प्रकारात बॅकट्रेस ‘फ्री’वर बोट दाखवतो, आणि लोक ती ओळ काढून टाकतात. ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झाली. हीप आधीच कुठेतरी फाटलेला असतो; ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ देऊन कंपाइल करा, फाडणारी ओळ सापडेल. प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेईल. व्हॅलग्राइंडने पुन्हा कंपाइल करावं लागत नाही, पण वेळ १० ते ३० पट.

सिगइल, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना, आला तर विचारा की बायनरी ‘-मार्च=नेटिव्ह’ने नव्या मशीनवर बांधून जुन्या मशीनवर नेली का.

७. हँडलरमध्ये प्रिंटएफ वापरू नका म्हणतात. माझ्याकडे तर वर्षभर नीट चालतंय.

चालतंय, कारण अजून वेळ जुळली नाही.

मॅलॉकचं उदाहरण घ्या. मुख्य कोड मॅलॉकच्या आत आहे, मोकळ्या तुकड्यांच्या याद्या अर्ध्या बदलून झाल्यात, आणि नेमक्या त्याच क्षणी सिग्नल आला. आता हँडलरने मॅलॉक बोलावलं, स्वतः किंवा प्रिंटएफच्या पोटातून. अनेक थ्रेडचा प्रोग्राम असेल तर मॅलॉकचं कुलूप आधीच आपल्याच हातात आहे आणि आपणच ते उघडण्याची वाट बघत बसतो, कायमचे. एकच थ्रेड असेल तर नव्या ग्लिबसीत ते कुलूप लागतच नाही, म्हणून अडकण्याऐवजी याद्या विस्कटतात आणि प्रोग्राम दहा मिनिटांनी, अगदी असंबद्ध ठिकाणी मरतो. मला विचाराल तर अडकलेला बरा. तो निदान जागेवर सापडतो.

माझा स्वतःचा धडा असा. एका जुन्या नोकरीत आमची एक सर्व्हिस महिन्यातून एकदा-दोनदा गोठायची. सीपीयू शून्य, लॉग बंद, प्रोसेस जिवंत. रीस्टार्ट केलं की सुतासारखी सरळ. नेटवर्कपासून डिस्कपर्यंत सगळ्यांना दोष देऊन झाला. शेवटी गोठलेल्या प्रोसेसला जीडीबी जोडलं तर बॅकट्रेसमध्ये खाली मेन, त्यावर आमचं लॉगिंग फंक्शन, त्यावर लोकलटाइम, मग ‘सिग्नल हँडलर कॉल्ड’, मग पुन्हा आमचं लॉगिंग, पुन्हा लोकलटाइम, आणि सर्वांत वर कुलपाची वाट. लॉगच्या ओळीला वेळ लावायची म्हणून लोकलटाइम, त्याच्या आत टाइमझोनचं कुलूप, आणि हँडलरमध्ये कौतुकाने लिहिलेली ‘सिग्नल मिळाला’ ही एक ओळ. ती मीच लिहिली होती.

नुसतं गोठण्यावर भागलं तर नशीब. ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये लॉगिनची मुदत (मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद) संपली की सिगअलार्म यायचा आणि त्याचा हँडलर सिसलॉग बोलवायचा, जे तिथे सुरक्षित नाही. २००६ साली ही चूक सापडली आणि बुजवली गेली. पुढे आवृत्ती ८.५पी१ मध्ये कोड आवरताना ती नकळत परत आली आणि १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की ग्लिबसी असलेल्या लिनक्सवर यातून पासवर्डशिवाय रूट मिळवता येतो. त्या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७, दुरुस्ती ९.८पी१ मध्ये. इतक्या काळजीने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये जे घुसलं, ते आपल्या कोडमध्ये घुसणार नाही असं समजायचं कारण नाही.

काय चालतं त्याची यादी ‘मॅन ७ सिग्नल-सेफ्टी’मध्ये आहे. त्यात राइट आहे, अंडरस्कोर-एक्झिट आहे, किल आहे. मॅलॉक, फ्री, प्रिंटएफ आणि साधं एक्झिट नाही. सी++ चं एक्सेप्शन हँडलरमधून फेकणं तर नकोच.

८. मग हँडलरमध्ये करायचं तरी काय?

एक फ्लॅग उभा करा आणि परत फिरा. खरं काम मुख्य लूपमध्ये, निवांत.

मुख्य लूप पोल किंवा ईपोलवर (फाइल-सॉकेटवर काही येईपर्यंत वाट बघणारे कॉल) झोपत असेल तर सेल्फ-पाइप वापरा: सुरुवातीलाच एक पाइप उघडून तिची दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग करा, हँडलरने तिच्यात राइटने एक बाइट टाकायचा, लूपने तिच्या वाचायच्या टोकावरही लक्ष ठेवायचं. लिनक्सपुरतंच काम असेल तर २००७ पासून, म्हणजे कर्नल २.६.२२ पासून, सिग्नलएफडी आहे. त्यात हँडलर लागतच नाही, सिग्नल फाइलसारखा वाचायचा. फक्त तो आधी ब्लॉक करायला, म्हणजे अडवून ठेवायला, विसरू नका.

आणि हँडलरमध्ये कोणताही सिस्टम कॉल करत असाल तर आत शिरताना एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) जपून ठेवा आणि निघताना परत ठेवा. नाहीतर मुख्य कोडला दुसऱ्याचीच चूक आपली म्हणून दिसते.

९. फ्लॅग उभा केला, तरी व्हाइल लूप संपत नाही. डीबग बिल्डमध्ये मात्र संपतो!

फ्लॅग साधा इंट असणार. कंपायलरला लूपमध्ये तो कोणी बदलताना दिसत नाही, म्हणून ‘-ओ२’ला तो एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवतो. ‘व्होलाटाइल सिग_अॅटॉमिक_टी’ लिहा. मात्र हा प्रकार एकाच थ्रेडमधल्या हँडलरसाठी आहे. दुसरा थ्रेड फ्लॅग वाचत असेल तर लॉक-फ्री अॅटॉमिक हवा.

आणखी एक बारीक फट राहते. फ्लॅग तपासला, उभा नव्हता, म्हणून पॉझ बोलावलं. पण तपासणं आणि पॉझ यांच्या मध्येच सिग्नल येऊन गेला. आता प्रोग्राम पुढच्या सिग्नलची वाट बघत झोपतो. फट बुजवायला सिगसस्पेंड किंवा पीपोल आहेत. ते मास्क (ब्लॉक केलेल्या सिग्नलांची यादी) बदलणं आणि झोपणं एका दमात करतात.

१०. सिग्नल फंक्शन वापरू की सिगॲक्शन?

सिगॲक्शन. ‘सिग्नल’ने लावलेला हँडलर एकदा चालल्यावर टिकतो की उडतो, हे कंपाइल करताना दिलेल्या पर्यायांवर ठरतं. ग्लिबसीत एरवी तो टिकतो. पण ‘-एसटीडी=सी११’सारखा कडक पर्याय दिला आणि दुसरा कोणताही फीचर मॅक्रो नसला की जुनं सिस्टम-५ वर्तन येतं: पहिल्या कंट्रोल-सीला हँडलर चालतो, दुसऱ्याला प्रोग्राम मरतो. मेकफाइलमधल्या एका शब्दाने हे होतं आणि कोणाला सांगून खरं वाटत नाही.

११. हँडलर लावल्यापासून रीड मध्येच ‘इंटरप्टेड सिस्टम कॉल’ म्हणतं.

हा ईइंटर. सिस्टम कॉल झोपलेला असताना सिग्नल आला, हँडलर चालला, आणि कॉल अर्धवट सोडून परत आला. ही चूक नाही, पण कोडने तिला चूक मानून कनेक्शन बंद केलं की त्यातून खरा क्रॅश जन्मतो. सिगॲक्शनमध्ये ‘एसए_रीस्टार्ट’ द्या. तेवढ्याने निर्धास्त होऊ नका: पोल, सिलेक्ट, ईपोल_वेट आणि नॅनोस्लीप हे रीस्टार्ट दिलं तरी ईइंटर देतातच. तिथे पुन्हा बोलावणारा लूप लिहावाच लागतो.

१२. सिगसेगव्ही पकडून प्रोग्राम पुढे चालू ठेवता येईल का? क्लायंटला क्रॅश दिसायला नको.

हँडलरमधून नुसतं परत आलात तर प्रोसेसर तीच सूचना पुन्हा चालवतो, पुन्हा फॉल्ट, पुन्हा हँडलर. प्रोग्राम मरत नाही, १०० टक्के सीपीयू खात गरगरतो. सिगलाँगजंपने बाहेर उडी मारता येते, पण मेमरी कोणी आणि किती बिघडवली हे न कळता पुढे चालणं म्हणजे बिघडलेला डेटा ग्राहकाच्या डेटाबेसमध्ये लिहिणं. क्लायंटला क्रॅश दिसलेला परवडतो.

‘पण जावा तर हेच करतं’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. खरं आहे, जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) नल तपासणीसाठी सिगसेगव्हीचा वापर करतं. फरक इतकाच की कोणत्या सूचनेवर फॉल्ट येऊ शकतो आणि तिथून कुठे जायचं, याचा तक्ता त्याच्याकडे आधीच तयार असतो. तुमच्याकडे नसतो.

सिगसेगव्ही ब्लॉक करून ठेवावा, असंही कोणी सुचवतं. खऱ्या फॉल्टला कर्नल तो मास्क जुमानत नाही, प्रोसेस तिथल्या तिथे मारतो. हँडलरही चालत नाही. हँडलरच्याच आत दुसरा सेगफॉल्ट आला तर नेमकं हेच होतं.

१३. क्रॅश हँडलर लावलाय, पण रिकर्शन अनंत झालं की तो चालतच नाही.

हँडलरला चालायला स्टॅक लागतो आणि संपलाय तो स्टॅकच (लिनक्सवर सहसा ८ एमबी). त्यासाठी सिगऑल्टस्टॅकने वेगळी जागा द्या आणि सिगॲक्शनमध्ये ‘एसए_ऑनस्टॅक’ घाला. दोन्ही हवेत. जागा ऐसपैस द्या, ६४ केबी वगैरे. नव्या प्रोसेसरवर एव्हीएक्स-५१२ ची रजिस्टरंच जतन करायला अडीच केबीच्या आसपास लागतात. याच कारणाने ग्लिबसी २.३४ पासून ‘सिगस्टॅकएसझेड’ काही बिल्डमध्ये स्थिरांक राहिलेला नाही, आणि त्या आकाराचा ॲरे जाहीर करणारा जुना कोड कंपाइलच होत नाही. हा पर्यायी स्टॅक प्रत्येक थ्रेडचा वेगळा लावावा लागतो.

१४. मरताना बॅकट्रेस लॉगमध्ये हवाच आहे. सुरक्षितपणे कसा छापू?

पूर्ण सुरक्षित मार्ग नाही, कमी धोक्याचा आहे. ‘बॅकट्रेस’ फंक्शन पहिल्यांदा बोलावल्यावर एक लायब्ररी लोड करतं आणि त्यात मॅलॉक येतं, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच एकदा फुकट बोलावून ठेवा. छापायला ‘बॅकट्रेस_सिंबल्स_एफडी’ वापरा. ‘बॅकट्रेस_सिंबल्स’ मॅलॉक करतं.

छापून झाल्यावर एक्झिट करू नका. सिग्नलचं वर्तन मूळ करा आणि हँडलरमधून परत फिरा. फॉल्टची सूचना पुन्हा चालेल आणि या वेळी कर्नल खऱ्या जागेचा कोअर टाकेल. एक्झिट केलंत तर कोअरही गेला आणि १३९ ही गेलं. देखरेख करणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे. ॲड्रेस सॅनिटायझरच्या बिल्डमध्ये मात्र आपला क्रॅश हँडलर लावूच नका, त्याने सॅनिटायझरचा अहवाल झाकला जातो.

१५. थ्रेड अनेक आहेत. सिग्नल नक्की कोणाला मिळतो?

फॉल्टचे सिग्नल चूक करणाऱ्या थ्रेडला. बाहेरून प्रोसेसला पाठवलेला सिग्नल तो ब्लॉक न केलेल्या कोणत्याही एका थ्रेडला, आणि ‘कोणत्याही’ हा शब्द शब्दशः घ्या. म्हणून मेनमध्ये, एकही थ्रेड तयार करण्याआधी, हवे ते सिग्नल पीथ्रेड_सिगमास्कने ब्लॉक करा. नवे थ्रेड तो मास्क वारशाने घेतात. मग एकच थ्रेड सिगवेटवर बसवा. सिगवेटमधून उठल्यावर तो साधा कोड असतो, हँडलर नव्हे, म्हणून तिथे प्रिंटएफ खुशाल करा. नव्या प्रोजेक्टमध्ये मी थेट हेच करतो.

१६. जीडीबीत चालवला की क्रॅश होतच नाही. किंवा जीडीबी दर सेकंदाला सिग्नलवर थांबतं.

पहिल्यासाठी ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’. जीडीबी पत्त्यांची सरमिसळ बंद करून प्रोग्राम चालवतं, त्यामुळे नशिबावर अवलंबून असलेले बग लपतात. दुसऱ्यासाठी ‘हँडल सिगयूझर१ नोस्टॉप नोप्रिंट पास’. जेव्हीएम असलेल्या प्रोसेसला जीडीबी जोडलं तर सिगसेगव्हीलाही हेच करावं लागतं. लक्षात ठेवा, सिगइंट जीडीबी स्वतःकडेच ठेवतं. तो तुमच्या हँडलरपर्यंत जायला हवा असेल तर ‘पास’ सांगा.

क्वचितच दिसणाऱ्या क्रॅशला घाई करायला लावायची तर सिग्नलचा भडिमार करा: सेटआयटायमरने दर मिलिसेकंदाला एक. महिन्यातून एकदा येणारा प्रश्न ७ मधला बग अशाने काही मिनिटांत हजर होतो. थ्रेड सॅनिटायझर तर हँडलरमधले असुरक्षित कॉल नावानिशी सांगतो.

१७. कंटेनर सिगटर्मला दाद देत नाही, १० सेकंदांनी १३७ ने मरतो. का?

आतला प्रोग्राम पीआयडी १, म्हणजे कंटेनरमधली पहिली प्रोसेस, आहे. पीआयडी १ ला ज्या सिग्नलचा हँडलर नाही, तो कर्नल टाकून देतो. एरवीचं ‘मरा’ हे वर्तन तिथे लागू नाही. डॉकर १० सेकंद थांबून सिगकिल देतो, कुबरनेटीस ३० सेकंद. हँडलर लावा, किंवा डॉकरला ‘--इनिट’ द्या. पीआयडी १ शेल स्क्रिप्ट असेल तर शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ लिहा, नाहीतर सिग्नल शेलपाशीच अडतो.

१८. लॉग नाही, कोअर नाही, प्रोग्राम नुसता गायब होतो.

१४१ आहे का बघा. समोरच्याने सॉकेट बंद केल्यावर तुम्ही लिहीत राहिलात की सिगपाइप येतो, आणि त्याचं मूळ वर्तन गुपचूप मरणं आहे. सर्व्हरमध्ये तो इग्नोर करा किंवा सेंडला ‘एमएसजी_नोसिग्नल’ द्या, आणि मग राइटची चूक नीट तपासा.

१९. दहा चाइल्ड प्रोसेस संपल्या, सिगचाइल्डचा हँडलर तीनदाच चालला, बाकी झोंबी (संपल्या, पण नोंद शिल्लक).

साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. एक प्रलंबित असताना तसाच दुसरा आला तर तो त्यातच विरतो. सिग्नल म्हणजे ‘किमान एक चाइल्ड संपली’ एवढंच. वेटपीआयडी ‘डब्ल्यूनोहँग’सह लूपमध्ये बोलवा, उरलं नाही असं ते सांगेपर्यंत.

२०. माझा प्रोग्राम हाताने चालवला की नीट, दुसऱ्या प्रोग्रामने सुरू केला की सिग्नलला वेगळाच वागतो.

एक्झेक झाल्यावर हँडलर पुसले जातात, पण इग्नोर केलेले सिग्नल इग्नोरच राहतात आणि ब्लॉक केलेला मास्कही जसाच्या तसा पुढे जातो. म्हणजे प्रश्न १५ प्रमाणे सगळं ब्लॉक करून बसलेल्या प्रोसेसने मास्क न उघडता तुम्हाला सुरू केलं, तर तुमचा सिगटर्म जन्मतःच बंद. ‘/प्रॉक/पीआयडी/स्टेटस’ वाचा. ‘सिगब्लॉक’, ‘सिगइग्नोर’ आणि ‘सिगकॉट’ यांच्या ओळी हेक्समध्ये असतात, क्रमांक ‘एन’च्या सिग्नलचा बिट ‘एन’ वजा १. ब्लॉकच्या ओळीत ४००० दिसलं तर (शून्यापासून मोजून) १४ क्रमांकाचा बिट उभा आहे, म्हणजे सिग्नल १५, सिगटर्म. मग सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या फोर्क आणि एक्झेकमधल्या ओळी उघडा.